मागच्या गल्लीची हवा

दर्शना निखाडेनं वीस वर्षांत हवा वाहून नेणारे पत्र्याचे शेकडो डक्ट बसवले होते. पत्र्याला भोक पाडताना तिचा हात थांबला, असं मात्र एकदाच झालं. सन २०४१च्या जूनमध्ये, सावरझरीच्या नगर परिषद शाळेच्या गच्चीवर.

सावरझरी म्हणजे विदर्भातलं कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर मागे उरलेलं गाव. पंचेचाळीस अंशांचं तिथे कुणाला कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते कूलरचं. घराघरात पत्र्याचा कूलर, त्याला वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. दर्शनाच्या वडिलांचं कूलरचंच दुकान होतं. वडील गेल्यावर दुकान तिचा धाकटा भाऊ लोकेश चालवत होता. दर्शना आयटीआयमधून पत्राकाम शिकली आणि मोठ्या यंत्रांच्या डक्टिंगकडे वळली.

वडील दोघांना लहानपणी एक खेळ दाखवायचे. लाकडी फळीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर. एकाचा गोळा उघडा, दुसऱ्याच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. फडक्यातलं पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, म्हणून तिथला पारा, वडिलांच्या भाषेत ‘ओला काटा’, कोरड्यापेक्षा कितीतरी खाली असायचा. "हा ओला काटा जिथं थांबते ना," वडील सांगायचे, "त्याच्या खाली कोणताच कूलर जाऊ शकत नाही. आणि माणूसबी जाऊ शकत नाही. माणूस म्हणजे काय, चालता-बोलता कूलर. घाम वाळला तर तो थंड. घाम वाळला नाही तर खेळ खल्लास."

हवा कोरडी असली की पंचेचाळीस अंशांतही ओला काटा चोवीस-पंचविसावर राही, आणि सावरझरी सुखानं झोपे. पण गेल्या सहा-सात वर्षांत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्राकडून बाष्प यायला लागलं आणि पाऊस मात्र लांबायला लागला. ऊन तेच, वर दमटपणा. ओला काटा एकोणतीस-तिसावर जाऊन बसे. कूलर नुसते आवाज करत. मागच्या जूनमध्ये गावात एकतीस माणसं गेली होती.

म्हणून थंडघर. शाळेच्या सभागृहात तीनशे माणसं दुपारभर बसतील आणि गच्चीवरचं यंत्र त्यांना सत्तावीस अंशांची हवा देईल. यंत्राची खुबी त्यातल्या क्षारजेलमध्ये होती. या जेलला पाण्याची विलक्षण हाव. जेल भरलेलं एक मोठं चाक सावकाश फिरत राही. चाकाच्या एका अर्ध्या भागातून बाहेरची हवा आत येताना जेल तिच्यातलं बाष्प शोषून घेई. ही कोरडी हवा मग ओल्या पॅडमधून गेली की झकास थंड होई, अगदी वडिलांच्या कूलरसारखी. चाकाचा दुसरा अर्धा भाग तेवढ्यात उन्हाच्या उष्णतेवर तापवला जाई, म्हणजे शोषलेलं पाणी जेल सोडून देई आणि पुन्हा तहानलेलं होई. वीज पंख्यापुरती, गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही.

प्रश्न एकच होता. सोडून दिलेल्या पाण्याचं काय? ते गरम, गच्च ओल्या हवेच्या रूपानं बाहेर पडे. आराखड्यात त्यासाठी गच्चीच्या वर नऊ मीटर उंच धुराडं दाखवलं होतं. तेवढ्या उंचीवर वेगानं फेकलेली हवा वाऱ्यात विरून जाते.

धुराड्याचे तीन तुकडे येऊन गच्चीवर पडले होते. पण ते उभे करायला क्रेन लागणार होती, आणि उष्णतेच्या सरकारी आदेशामुळे दुपारी अकरा ते पाच क्रेन चालवायला बंदी होती. क्रेनवाला तेरा तारखेशिवाय मोकळा नव्हता. हवामान खात्याचा लाल इशारा मात्र बारा तारखेपासून होता.

दहा तारखेला संध्याकाळी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, वेदांत हस्तक, गच्चीवर आला. एकोणतीस-तीस वर्षांचा, चार दिवसांत नऊ गावं फिरून डोळे खोल गेलेला.

"काही करा, दर्शनाताई, पण परवा सकाळी यंत्र सुरू व्हायला हवं," तो म्हणाला. "धुराड्याच्या जागी सध्या आडवं तोंड काढू. मागच्या भिंतीकडे."

"मागं गल्ली आहे साहेब."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. हवा उघड्यावरच जाणार आहे ना? मिसळून जाईल."

"धुराडं हातानं चढवता येईल. दोन तुकडे तरी."

"आणि वावटळ आली, ते खाली कुणाच्या डोक्यात पडलं, तर? क्रेनशिवाय चढवलं म्हणून आपण दोघंही आत जाऊ." त्यानं कपाळ पुसलं. "मागच्या वर्षी एकतीस गेले ताई. हे दोन दिवस चुकले तर यंदा किती?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दर्शनानं पत्र्यावर खडूनं चौकोन आखला, कटर उचलला आणि थांबली. गच्चीच्या कठड्यापलीकडे खाली सव्वीस घरांची अरुंद गल्ली होती, दोन्ही बाजूंनी उंच भिंती. तिसऱ्या घरावर लोकेशच्या दुकानाची पाटी दिसत होती. वारा पुढच्या बाजूनं येतो, इमारतीवरून जातो आणि मागे खाली वळतो, हे डक्टवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गच्चीवर सांडलेला पत्र्याचा कीस रोज त्या गल्लीतच जाऊन पडायचा.

तिनं कटर सुरू केला.

घरी जाताना ती दुकानात डोकावली. लोकेश जमिनीवर बसून ताटीत गवत भरत होता.

"काय चढवून राहिले वं ताई तुम्ही शाळेवर? केवढा डबा तो."

"मशीन आहे. बाबाच्या कूलरचंच मोठं भावंड समज."

"मग माहा धंदा बसला म्हण." तो हसला. "चांगलं आहे. मागच्या साली लोकायचे हाल पाहवले नाही मले."

"लोकेश, दोन दिवस मागच्या खिडक्या लावून ठेवजो."

"काहून?"

"गरम हवा येईल थोडी. धुराडं बसलं की बंद."

"थोडी म्हणजे किती?"

"थोडी," दर्शना म्हणाली आणि चहा न घेताच निघाली.

बारा तारखेला सकाळी साडेआठला यंत्र सुरू झालं. दहापर्यंत सभागृह भरलं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं घेतलेल्या बाया, दमेकरी. तीनशेची सोय होती, आत तीनशे वीस होते. जाळीतून थंड हवा खाली उतरली तेव्हा एका आजीनं हात जोडले. दर्शनाला बरं वाटलं. तिनं प्रत्येक जाळीखाली हात धरून पाहिला, एक सांधा सुस्कारत होता तो टेपनं बंद केला, आणि सहकारी सुखदेव फुलझेलेंबरोबर गच्चीवर यंत्राशेजारी सावली धरून बसली. सुखदेव अठ्ठावन्न वर्षांचे, जुने वेल्डर, कमी बोलणारे.

खाली गल्लीत काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. दहा वाजता पहिली बाई लोकेशकडे आली, की कूलर गरम हवा फेकतोय. मग दुसरी. मग एकदम चार. लोकेशला वाटलं ताट्या कुजल्या. तो खांद्यावर गवताची गोणी घेऊन घरोघर फिरत राहिला. जुनी ताटी काढ, नवी भर, पंप तपास, पुढचं घर. भर उन्हात तीन तास तो धावत होता आणि एकही कूलर सुधारत नव्हता.

एक वाजून दहा मिनिटांनी दर्शनाचा फोन वाजला.

"ताई," लोकेशचा श्वास लागला होता. "सकाळपासून अकरा कूलरच्या ताट्या बदलल्या. ताट्यायचा दोष नाही."

"मग?"

"बाबाची ती दोन काट्यायची फळी काढली. कोरडा बेचाळीस. ओला चौतीस."

दर्शना उठून उभी राहिली. "फडकं वाळलं असेल. पुन्हा भिजव."

"तीन खेपा भिजवलं वं. मग तीच फळी शाळेपुढच्या रस्त्यावर नेली. तिथं ओला काटा एकोणतीस. परत गल्लीत आणली, चौतीस. हे तुमच्या डब्यातून येऊन राहिलं ना?"

चौतीस. माणसाच्या कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास. एका अंशाच्या फरकावर घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी प्यायलं तरी, सावलीत बसलं तरी, पंखा लावला तरी शरीर आतून तापत राहतं. तरण्याताठ्या माणसालाही काही तास पुरत नाहीत.

"लोकेश, ऐक. सगळ्यायले गल्लीतून बाहेर काढ. शाळेपुढच्या रस्त्यावर ने, दुकानायच्या ओसरीत बसव. घरात कोणी राहू देऊ नको. आताच्या आता."

"उन्हात नेऊ?"

"रस्त्यावर घाम वाळते. तुह्या गल्लीत नाही वाळत. पळ!"

ती सभागृहात धावली. हस्तक दाराशी नगर परिषदेच्या माणसांना यंत्राची माहिती देत होता. तिनं त्याला दंडाला धरून जिन्यात ओढलं.

"गल्लीत ओला काटा चौतीस आहे. यंत्र बंद करायचं."

"कोणी मोजलं?"

"माझ्या भावानं."

"भावानं." त्यानं डोळे मिटले. "ताई, आत तीनशे वीस माणसं आहेत. बाहेर चव्वेचाळीस अंश आहे. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय?"

"बाहेर चव्वेचाळीस असलं तरी ओला काटा एकोणतीस आहे. पुढच्या सगळ्या खिडक्या उघडा, पंखे लावा. तासभर त्रास होईल, पण घाम वाळेल, जीव जाणार नाही. गल्लीत जाईल. मला तासभर द्या, मी धुराडं उभं करते."

"मला आधी वरिष्ठांना विचारावं लागेल."

"विचारा," दर्शना म्हणाली आणि जिना चढू लागली.

तो मागोमाग आला. गच्चीवर यंत्राचा मुख्य स्विच होता, लाल दांड्याचा. हस्तक त्याच्यापुढे उभा राहिला. फोन कानाला होता, पलीकडे नुसतीच रिंग जात होती. त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता.

"आत कोणी गेलं तर त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं," तो म्हणाला. "तुमचं लायसन्स जाईल. तुम्ही तुरुंगात जाल."

"जाईन. बाजूला व्हा साहेब."

"आणि भाऊ त्या गल्लीत नसता तर? तर बंद केलं असतं?"

ते तिला लागलं. तिनं त्याच्या काखेखालून हात घातला आणि दांडा खाली ओढला. चाक कुरकुरत थांबलं. पंखा मंदावला. खाली सभागृहातून आधी शांतता, मग शेकडो आवाजांचा कल्लोळ वर आला.

हस्तकनं वाजणारी रिंग तोडली. मग फोन खिशात टाकून तो धावतच जिना उतरला. खिडक्यांच्या झडपा धाडधाड उघडल्याचे आवाज आले. पुढचा तासभर तो गच्चीवर फिरकला नाही. तान्ह्या मुलांच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत फिरत होता, असं लोकांनी नंतर सांगितलं.

धुराड्याचा तुकडा तीन मीटर लांब, पन्नास-पंचावन्न किलोचा. उन्हात पत्रा असा तापला होता की हात लावला तर कातडी सुटून यावी. सुखदेवनी काही न विचारता गोणपाटं पाण्यात बुचकळली आणि हातांना गुंडाळली. दोघांनी पहिला तुकडा फरफटत यंत्राच्या माथ्यावर आणला, पहार घालून उभा केला. दर्शनानं बोल्ट ओवले. बारापैकी सहाच बसले. "राहू दे, सहा पुरतात," सुखदेव म्हणाले.

दुसरा तुकडा चढवायला जिन्याच्या खोलीच्या लोखंडी तुळईवरून दोर टाकावा लागला. एकदा दोर निसटला आणि तुकडा दर्शनाच्या पोटरीला घासून गेला. रक्त आलं, पण तिला कळलं नाही. मागच्या कठड्याजवळ हवा अजून इतकी गच्च होती की श्वास घेताना तोंडावर ओला टॉवेल टाकल्यासारखं होई. घाम हनुवटीवरून धारेनं पडत होता आणि अंग मात्र पेटलेलं. पंधरा मिनिटं आपल्याला अशी वाटतात, तर खालच्यांनी चार तास कसे काढले असतील, हे मनात आलं आणि तिनं ते मुद्दाम बाजूला सारलं. हाताखाली काम होतं.

तिसऱ्या तुकड्याचा नाद तिनं सोडला. सहा मीटर पुरणार होते. चार बाजूंनी तारा ताणून बांधल्या. मग तिनं स्वतः पाडलेल्या आडव्या भोकावर पत्रा ठेवला आणि तो रिव्हेटनं ठोकत सुटली.

दोन वाजून वीस मिनिटांनी तिनं लाल दांडा वर केला. धुराडं थरथरलं, तारा ताणल्या गेल्या आणि ओली हवा सरळ आभाळाकडे सुटली. खाली सभागृहात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दर्शना तोवर जिन्यात होती.

शाळेपुढच्या रस्त्यावर दुकानांच्या ओसऱ्यांत गल्लीतली माणसं बसली होती. लाल चेहरे, डोक्यावर ओले पंचे. पण घाम वाळत होता, माणसं बोलत होती, शिव्या देत होती. तिनं भराभर तोंडं पाहिली.

"लोकेश कुठं आहे?"

"लोणारे काकूले आणायले गेला," एक बाई म्हणाली. "तिनं आतून कडी लावली होती. गरम हवा येते म्हणून. बराच वेळ झाला वं बाई."

चंद्रकला लोणारे, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गल्लीच्या टोकाला एकट्या राहायच्या. दार मोडलेलं होतं. आत कूलर पूर्ण जोरात चालू होता. काकू खाटेवर पडल्या होत्या, एक हात खाली लोंबकळत. तो हात दर्शनानं उचलला आणि परत ठेवला. काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

लोकेश भिंतीला टेकून बसला होता. डोळे उघडे.

"ताटी बदलतो काकू," तो पुटपुटत होता. "एकच मिनिट. ताटी बदलतो."

त्याचं अंग तव्यासारखं भाजत होतं. दर्शनानं आरोळी ठोकली. चार जणांनी त्याला चादरीत उचललं आणि शाळेत आणलं. दाराशी हस्तक होता. सभागृह गच्च भरलेलं, पण त्यानंच ओरडून माणसं मागे सारली आणि जाळीच्या बरोबर खाली जागा केली. लोकेशचे कपडे काढून त्याच्यावर ओली चादर टाकली. वरून यंत्राची कोरडी हवा उतरत होती. चादरीतलं पाणी भराभर उडायला लागलं, ते कमी झालं की बाया तांब्यानं वर ओतत होत्या. दर्शना त्याच्या काखेत बोटं घालून बसली होती. चाळीस मिनिटांनी काखेतली आग उतरली. त्यानं मान हलवली आणि उलटी केली. तेव्हा ॲम्ब्युलन्स आली.

पंधरा तारखेला चौकशी अधिकारी यायचे होते. आदल्या संध्याकाळी हस्तक दर्शनाच्या घरी आला. दर्शनानं त्याच्या हातात चहाचा कप दिला.

"कंपनीचं म्हणणं असं आहे," तो म्हणाला, "की वावटळीनं सांधा सुटला आणि हवा मागे गेली. अपघात. तुम्ही वेळेवर दुरुस्त केलंत. तुमचं नाव चांगलंच होईल, ताई."

"तुमचं काय म्हणणं आहे?"

त्यानं चहाचा एक घोट घेतला.

"अशी किती थंडघरं आहेत जिल्ह्यात?" तिनं विचारलं.

"चौदा."

"किती ठिकाणी आडवं तोंड काढलंय?"

त्यानं कप खाली ठेवला. "मी गेलो तिथे तिथे," तो म्हणाला. "नऊ."

"मग सांधा सुटला असं सांगितलं तर त्या नऊ ठिकाणी कोण जाऊन बघणार?"

दुसऱ्या दिवशी दर्शनानं जबाब दिला. आराखड्यात धुराडं होतं, ते बसलं नव्हतं, आडवं भोक मी माझ्या हातानं पाडलं, हवा गल्लीत जाणार याची कल्पना मला होती. अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, "कल्पना होती, असंच लिहायचं?" ती म्हणाली, "असंच लिहा." हस्तक तिच्यानंतर आत गेला. त्यानं नऊ गावांची नावं दिली. त्याच दुपारी नऊ यंत्रांची तोंडं बंद करायला माणसं निघाली. दर्शनाचं लायसन्स निलंबित झालं. लोणारे काकूंच्या मुलीनं फिर्याद दिली होती, ती दोघांच्याही नावानं.

चौकशीतून दर्शना जिल्हा रुग्णालयात गेली. लोकेश शुद्धीवर येऊन दोन दिवस झाले होते. मूत्रपिंडं सावरत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यापुढे त्याच्या शरीराला ऊन झेपणार नाही, उन्हाळ्यात बाहेरचं काम विसरायचं. कूलरवाल्याला उन्हाळ्यातच काम असतं, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही.

तो उशीला टेकून खिडकीबाहेर पाहत होता. ओठांना साली निघाल्या होत्या.

"काकू गेली म्हणतेत," तो म्हणाला.

"हो."

"मी दार तोडलं तेव्हा जिवंत होती. पाणी मागितलं तिनं. ताई, एक विचारू? भोक पाडलं तवा तुले माहीत होतं?"

दारात परिचारिका औषधांची गाडी ढकलत गेली. दर्शनाला वाटलं, अजून सांगता येईल. साहेबानं सांगितलं, माझा नाइलाज होता, एवढं होईल असं कुणाला वाटलं होतं. सगळं खरंही होतं थोडं थोडं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "इतकं होईल असं नव्हतं वाटलं. पण हवा गल्लीतच येणार, हे माहीत होतं. तुले सांगायले आली होती मी त्या दिवशी. सांगितलं नाही."

लोकेशनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पलंगाजवळ खुर्ची नव्हती. दर्शना पोटरीच्या जखमेवर भार न देता एका पायावर उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली असतील. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. निघावं का, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात लोकेशनं, भिंतीकडे तोंड तसंच ठेवून, हळूहळू पाय आखडून घेतले. पायथ्याशी एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

दर्शना बसली.